मटार निवडणाऱ्या बाईची साक्ष

आधी नाव लिहिते. सुमन वैरागडे. मदन महाल स्टेशनच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. यजमान गेले, मुलगा लांबच्या शहरात आहे, आणि मी त्यांना मावशी म्हणते. नात्यानं त्या माझ्या कुणीच नाहीत. पण आज माझ्या हाताला जे काम आहे ते त्यांच्यामुळे टिकलं, आणि माझ्या तोंडून एका बाईचं जे वाईट होणार होतं तेही त्यांच्यामुळे टळलं. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट सांगायला बसलं की माणूस हळूहळू सगळं शहाणपण स्वतःकडे ओढून घेतो, आणि मी काही वेगळी नाही.

जबलपूरला पुन्हा मटार आलाय. डिसेंबर लागला की विजय नगरच्या मंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते. जाळीच्या पोत्यांतून शेंगा बाहेर डोकावतात, आणि सायकलवरचा माणूससुद्धा जाता जाता एखादी उपसतो आणि दातानं सोलतो. कुणी रागवत नाही. गोहलपूरला आमच्या खोलीसमोर सकाळच्या उन्हात बायका परात घेऊन बसतात, मोबाइल खांद्यात धरून बोलत राहतात, आणि बोटं आपली चालूच. शेंग फुटते तेव्हा आधी बारीक चर्र होतं आणि मग दाणे परातीत टपटपतात. दहा घरांतून एकदम तो आवाज येतो. पोह्यांत मटार, खिचडीत मटार, पराठ्यात मटार. माझी सासू बार्शीहून फोनवर विचारते, "अगं, तिकडं दुसरं काही पिकतच नाही का?" पिकतं हो. पण या दोन महिन्यांत दुसरं काही दिसत नाही एवढं खरं.

दिसण्याचीच तर गोष्ट आहे.

माझी शाळा आठवीत सुटली. पुढची शाळा लांब होती, आई आजारी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही सुटायचंच होतं. आमच्या गुरुजींनी प्रश्न विचारला आणि "माहीत नाही" म्हटलं की छडी बसायची. चुकीचं उत्तर दिलं तर कधी कधी नुसतं हसू मिळायचं. त्यामुळे मी लवकर शिकले की काहीतरी ठाम बोलून टाकावं. ती सवय घेऊन मी लग्न केलं, आणि नवऱ्याच्या वेल्डिंगच्या कामापाठोपाठ तीच घेऊन जबलपूरला आले. इथं आले तेव्हा हिंदी तुटकं यायचं. भाजीवाला काही विचारायचा आणि मी कळलं नसतानाही "हाँ हाँ" म्हणायचे. दोनदा नको तेवढे कांदे घरी आले.

विजय नगरच्या पलीकडे मटार गोठवून पिशव्यांत भरायचा एक छोटा कारखाना आहे. दुसऱ्या वर्षी मी तिथं लागले. दाणे यंत्रातून सोलून, उकळत्या पाण्यातून निघून, गार होऊन रबरी पट्ट्यावरून पुढं सरकतात. दोन्ही बाजूंना आम्ही बायका. पिवळा पडलेला, फुटलेला, डाग असलेला दाणा उचलायचा. बस. ऐकायला सोपं वाटतं. पण सकाळी आठपासून बारापर्यंत ट्यूबलाइटखाली नुसता हिरवा पूर अंगावरून वाहत राहतो. कच्च्या गवतासारखा गोडसर वास येतो, बोटं बर्फात धरल्यासारखी होतात. डोळे उचलायचे नाहीत, उचलले की चार डाग निसटलेच. माझ्याकडे शाळेचा दाखला नव्हता, बोलणं नव्हतं, ओळख नव्हती. पण नजर होती. पहिल्याच आठवड्यात मॅनेजर दुबेजी म्हणाले, "इसकी आँख अच्छी है।" ते वाक्य मी किती दिवस जपलं! भाकरी करताना मनात म्हणायचे, इसकी आँख अच्छी है.

वैरागडे मावशी तिथं माल तपासायला होत्या. तीस वर्षं त्यांनी शहरातल्या सरकारी तोफांच्या फॅक्टरीत तपासनीस म्हणून काढली होती. लोखंडी तुकडा मापाच्या खाचेत घालून बघायचा, बसला तर पास, अडकला तर नापास. निवृत्तीनंतर हंगामापुरत्या इकडे यायच्या. मी मराठी आहे हे कळलं तेव्हा दूरवरून ओरडल्या होत्या, "अगं, मग हिंदीत काहून रडून राहिली? मराठीत रड की!" त्यांचं मराठी माझ्या मराठीपेक्षा वेगळं. मध्येच "अच्छा", "चलो" यायचं. पण घरापासून इतक्या लांब कुणीतरी "जेवली का?" विचारतं तेव्हा कुठल्या जिल्ह्याचं मराठी ते कोण बघतं!

आमच्या डोक्यावर टोप्या असायच्या. हंगामभरासाठी ठेवलेल्या बायकांना पांढरी, रोजच्या रोज बोलावलेल्यांना गुलाबी. गुलाबीवाल्या अंगणात पोती उतरवायच्या, टरफलं झाडायच्या. गोठवणीच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात त्यांना मनाई होती. दर हंगामात एखादी चटपटीत गुलाबी पांढरी व्हायची, आणि आमच्यातली एखादी गळायची. त्या वर्षी फूलवती नावाची एक गुलाबी फार चटपटीत होती. माझ्याहून लहान, कामाला चाबूक, आणि बाराच्या सुट्टीत इतकं हसायची की मला उगीच राग यायचा. उगीच नव्हे. भीती होती ती. पण तेव्हा मला राग आणि भीती वेगळ्या ओळखता येत नव्हत्या.

जानेवारीतल्या एका दुपारी कळलं की गोठवणीच्या खोलीचं दार सुट्टीपासून चार वाजेपर्यंत अर्धवट उघडं राहिलंय. दाराजवळच्या सगळ्या ट्रॉल्यांतला माल मऊ पडला होता. दुबेजींनी एकेकीला आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं. माझी पाळी आली आणि माझ्याकडे सांगायला काहीतरी होतं! सुट्टीची घंटा होऊन बायका उठायला लागल्या तेव्हा पट्ट्यावरून मान वर केली होती, आणि त्या बोळाच्या वळणावरून एक बाई आत जाताना दिसली होती. पाठमोरी. क्षणभर. डोक्याला गुलाबी टोपी.

"पक्का?" दुबेजींनी विचारलं.

"पक्का साहब। अपनी आँख से देखा।"

त्या दिवशी बाकीच्या गुलाबीवाल्या बाहेर अंगणात होत्या. आत झाडायला एकच होती. तिला बोलावलं. फूलवती हातात झाडू घेऊन दारात उभी राहिली आणि काही बोलली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, मग जमिनीकडे. मला वाटलं, बघा, बोलायला तोंड नाही. सकाळी मालक येणार होते, तिला काढायचं जवळपास ठरलंच होतं. कोपऱ्यात मावशी काट्यावर नमुने तोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दुबेजी, कल दोपहर तक रुक जाइए।" दुबेजींना आवडलं नाही. पण त्यांनी ऐकलं.

मी आज या क्षणाकडे पुन्हा पुन्हा बघते. खोटं बोलताना माणसाची जीभ अडखळते, छातीत धडधडतं. मी अडखळले नव्हते. माझ्या तोंडात त्या वाक्याची चव खऱ्याचीच होती. "माझं नाव अमुक" म्हणताना जशी खात्री वाटते अगदी तशी. मग खरं आणि खऱ्यासारखं यांत आतून फरक तरी काय कळायचा? मला अजून कळत नाही. एवढंच कळलंय की खात्री वाटते म्हणून ते खरं धरायचं, हे काही बरोबर नाही.

फाटकाबाहेर मावशी माझ्याबरोबर चालल्या. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर शेंगा तुडवल्या गेल्या होत्या. त्यांनी मला एक शब्द लागेल असा विचारला नाही. "किती वेळ बसली होती पट्ट्यावर?" चार तास. "मान वर केल्याबरोबर पाहिली का, की जराशानं?" वर केल्याबरोबर. "अच्छा."  मीच म्हणाले, "मावशी, तुम्हाला मी खोटं बोलते असं वाटतं का?"

"नाही गं. खोटं बोलून राहिली असती तर सोपं होतं." आणि मग त्या फॅक्टरीचं सांगायला लागल्या. रोज सकाळी कामाला बसण्याआधी त्या मापच तपासायच्या. लोखंडी मापसुद्धा झिजतं, थंडीत आक्रसतं. "मापच बिघडलं असलं ना, तर दिवसभर आपण पूर्ण खात्रीनं चांगला माल नापास करत बसतो. आणि संध्याकाळी वाटतं, वा, आज काय काम केलं!" त्या हसल्या. मी हसले नाही. मला वाटलं, म्हातारी त्या फूलवतीची बाजू घेऊन राहिली. बघा, मनातल्या मनात मीही त्यांच्यासारखंच बोलायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी बाराच्या घंटेला मावशी माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. "उठ. समोर पाहा. कोणता रंग?"

समोर भिंत होती. चुन्याची पांढरी भिंत. रोज सकाळी आठला मी तिच्यासमोर टोपी बांधायचे. तीच भिंत गुलाबी दिसत होती. फिकी, गुलाबाच्या सरबतात दूध टाकल्यासारखी. मी डोळे मिटले, उघडले. गुलाबीच. पायाखालची फरशी पट्ट्याच्या उलट्या दिशेला सरकत असल्यासारखी वाटत होती. मग हळूहळू, एक-दोन मिनिटांत, रंग उतरत गेला आणि भिंत पुन्हा भिंत झाली.

मला दरदरून घाम आला. जानेवारीत! खरी गोष्ट ही होती की मला हे नवीन नव्हतं. रोजच व्हायचं. उठल्यावर सगळं किंचित लाल-गुलाबी दिसायचं, आणि मी भिंतीचा आधार घेऊन दोन मिनिटं उभी राहायचे. अशक्तपणा असेल म्हणायचे. कुणाला सांगितलं नव्हतं. जिची कमाई नजरेवर, ती नजर बिघडल्याचं सांगेल का? इतकं नव्हतं सांगितलं की मी स्वतःलाही सांगायचं सोडून दिलं होतं.

मावशींनी माझ्या शेजारणीला विचारलं, "गीता, कौन सा रंग?" गीतानं डोळे चोळले. पलीकडच्या सुशीला दीदी चुळबुळल्या आणि म्हणाल्या, "मैडम जी, थोड़ा... गुलाबी।" मग तिसरी, मग चौथी. पट्ट्यावरच्या अकराच्या अकरा बायकांना भिंत गुलाबी दिसत होती, आणि अकराजणींना वाटत होतं की आपल्या एकटीचेच डोळे चाललेत. किती हंगाम असेच गेले असतील! मावशी म्हणाल्या, "चार तास नुसतं हिरवं पाहिलं ना, की पांढरंही गुलाबी दिसून राहतं." सुशीला दीदी हसायलाच लागल्या. "हम तो समझे दुबेजी रोज़ बारह बजे शरमा जाते हैं!" सगळ्या हसल्या. हसता हसता गीताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला नंतर सांगितलं, ती गुपचूप गाजरं खात होती दोन वर्षं.

मी मात्र हसत नव्हते. माझं डोकं दुसरीकडेच पळालं होतं. मी मावशींचा हात धरला. "म्हणजे टोपी पांढरी होती! आमच्यातलीच कुणीतरी. उंचीवरून गीताच असणार. मी सांगते जाऊन."

"थांब." मावशींचा आवाज तेवढा एकदाच चढला. "काल गुलाबीवर शपथ घेत होती, आज पांढरीवर घेऊन राहिली? पोरी, तुला काय ठाऊक आहे तेवढंच सांग."

"मला..." मी शोधलं. खरंच आत शोधलं. बाई दिसली होती. टोपी दिसली होती. रंग? बाई आत गेली की नुसती वळली? दाराला हात लावला? "मला काहीच माहीत नाही, मावशी."

"मग तेच सांगायचं."

तेच तर जमत नव्हतं. जे दोन शब्द वर्गात म्हटले की हात लाल व्हायचा, ते काचेच्या खोलीत जाऊन म्हणायचे. आणि म्हटले की माझी नजर गेली, नजर गेली की मी गेले. नवऱ्याचं काम तेव्हा बंद होतं. मी मावशींना म्हणाले, "मला काढतील." त्या म्हणाल्या, "काढू शकतात." धीर देण्यासाठीसुद्धा त्यांनी नाही म्हटलं नाही. आत जाऊन मी म्हणाले, "साहब, हमको नहीं मालूम किसको देखा। पट्टे से उठके सब गुलाबी दिखता है।"

दुबेजींनी चष्मा काढला. "तो फिर मटर कैसे छाँटती हो? अंधी हो क्या?"

मावशी पुढं झाल्या. "आप एक घंटा बैठिए।"

"मैं?"

"आप। फिर बोलिए।"

आणि दुबेजी बसले, हो! बायकांनी त्यांच्यासाठी जागा केली, सुशीला दीदींनी त्यांना टोपी बांधली. सुरुवातीला ते रागानं दाणे वेचत होते, मग नुसते बघत राहिले. तासाभरानं मावशी म्हणाल्या, उठा. त्यांनी आपल्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीकडे बघितलं, चोळलं, पुन्हा बघितलं.  "बहुत हल्का," ते म्हणाले, "पर है।"

फूलवती राहिली. मीही राहिले. दार कुणी उघडं टाकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि आता कळायचंही नाही. मालकांना मात्र कागदावर कुणाचं तरी नाव हवं होतं. मावशींनी लिहून दिलं की सलग चार तास बसवायची पद्धत आपणच मान्य केलेली होती, मधे विश्रांती ठेवायला हवी होती, ही चूक आपली. पुढच्या हंगामात पाऊण-पाऊण तासानं डोळ्यांना सुट्टी सुरू झाली, टोप्यांचा भेद गेला, सगळ्यांना निळ्या आल्या. आणि मावशींना बोलावणं आलं नाही.

भिंत गुलाबी दिसली त्याच दुपारी मी फूलवतीची माफी मागायला गेले होते. अंगणात पोत्यावर बसून ती भाकरी खात होती. वाटलं होतं रडेल, नाहीतर भांडेल. ती म्हणाली, "दीदी, एक बात बताओ। हमसे किसी ने पूछा काहे नहीं?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. मी नाही, दुबेजींनी नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ती खोटंच बोलणार. तिनं तोंड उघडलं नव्हतं याचा अर्थ मी लावला तो माझ्या सोयीचा. म्हणून मी तिथंच विचारलं, "तू गई थी क्या?" ती म्हणाली, "नहीं।" आणि भाकरीचा अर्धा तुकडा माझ्यापुढं केला.

मी तिच्यावर विश्वास ठेवला. कशाच्या जोरावर? पुरावा काहीच नव्हता, आदल्या दिवशी तिच्याविरुद्धही नव्हता तसाच. मनाचा तळ खरवडला तर आजही एक बारीक शंका सापडते: गेलीही असेल. ती शंका मी खोडत नाही. पण तिला काचेच्या खोलीत घेऊनही जात नाही. डोळा थोडंसं दाखवतो, उरलेलं आपली भीती रंगवून देते, आणि आपण सगळ्यावर सही करतो, असं मला आता वाटतं. "वाटतं" हा शब्द मी हल्ली पुष्कळ वापरते. नवरा चिडवतो, "तुझं काहीच पक्कं नसतं का गं?" धुक्याच्या सकाळी कामाला जाताना समोरून येणारं माणूस ओळखीचं वाटतं, मी हात वर करते, जवळ आल्यावर भलतंच निघतं, तेही हात वर करतं. एवढं चुकलेलं चालतं की. कुणाचं पोट जाणार असेल तिथं फक्त जरा थांबावं, विचारावं.

यंदा मला लाईन सांभाळायला दिलीय. फूलवती माझ्या समोरच्या बाजूला बसते आणि अजून तेवढ्याच मोठ्यानं हसते. नव्या पोरींना मी पहिल्या दिवशीच सांगते, काही वेगळं दिसलं तर बोलायचं, हसणार नाही कुणी. काल एकजण म्हणाली, "दीदी, फर्श चल रहा है।" सगळ्या एकदम म्हणाल्या, "चलता है, बैठ जा।"

रविवारी मदन महालला जाते. मावशी गच्चीवर उन्हात बसून मटार सोलतात. "बोलावलं नाही ते बरंच झालं, गुडघे कुठं चालून राहिले," असं पहिल्या वर्षी म्हणाल्या, दुसऱ्या वर्षीही म्हणाल्या. मी दोन्ही वेळा मान डोलावली. परवा डोलावली नाही. विचारलं, "मावशी, खरंच बरं वाटतं?"

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. मग म्हणाल्या, "सकाळचे आठ वाजले ना, की हात काहीतरी शोधून राहतात."

मावशी, हे तुम्ही वाचाल, आणि चुका काढाल. काढा. मी दुबेजींशी बोलायला सुरुवात केलीय. ते अजून हो म्हणत नाहीत, पण आता ऐकताना खुर्चीत पुढं सरकतात. मालकांसमोर उभं राहून तुमचं नाव घ्यायचं आहे, तेही मी घेईन. एका सकाळी, पावणेआठला नव्हे, बरोबर साडेसातला, मी रिक्षा घेऊन तुमच्या दाराशी येईन. जिना मी धरून उतरवीन, दोघींचा डबा मी करून आणीन. तुम्ही फक्त तुमचा चष्मा घ्या.